परसातली धामण आणि डुंडुभाचा युक्तिवाद

भातशेतीच्या मुलखात घर आणि साप यांच्यामध्ये कुंपण नसते. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात, शेणव्यासारख्या गावात मागच्या दाराबाहेर पाऊल टाकले की मोरीच्या पाण्यावर वाढलेले अळू, केळीचे बुंधे, काकडी-दोडक्याचा मांडव, पावसाळ्यासाठी रचलेले सरपण आणि पेंढ्याची उडवी लागते. त्यापलीकडे लगेच खाचर. घरात भात साठवलेले असते. भात तिथे उंदीर आणि उंदीर तिथे धामण. अळवाच्या ओलीला बेडूक येतात, त्यांच्यामागे नानेटी येते. खाचरातल्या पाण्यात दिवड असतो. भिंतीवरच्या पालींसाठी रात्री कवड्या वर चढतो. या चारही सापांत माणसाचा जीव घेईल असे विष नाही. तरी यांतला एखादा दिसला की पहिली हाक काठीसाठी जाते. कोणाच्या वाटेला न जाणारा साप घराच्या आवारात राहत असेल तर गृहस्थाने त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न फार जुना आहे. महाभारताने तो सापाच्याच तोंडून विचारला आहे.

आधी ओळख, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. धामण दोन मीटरहूनही लांब होते आणि दिवसाउजेडी हिंडते. एवढे लांब जनावर सरसरत गेलेले पाहून माणूस नाग म्हणूनच घाबरतो. थोडे थांबून पाहिले तर फरक दिसतो. डोळा मोठा आणि बाहुली गोल असते. ओठांवरच्या खवल्यांना काळ्या कडा असतात, बारीक टाकाने ओढाव्यात तशा. शेपटीकडे अंगावरची काळी जाळी गडद होत जाते. कोंडीत सापडली तर ती गळा फुगवते, घुमल्यासारखा आवाज काढते, अंगावर धावल्याचा आवही आणते. पण फणा तिला नाही. उंदीर धरला की विळख्यात आवळण्यापेक्षा ती त्याला अंगाखाली दाबते आणि गिळून टाकते. बिळात शिरून उंदीर धरणारे तिच्याइतके वाकबगार जनावर शेतकऱ्याकडे दुसरे नाही, मांजर धरूनही. मात्र तिच्याविषयीच्या समजुती फार आहेत: म्हशीच्या पायांना विळखा घालून ती दूध पिते, शेपटीचा फटका बसला की अंग झिजते, नागाशी तिची जोड लागते. सापाच्या तोंडाची घडण दूध ओढून पिण्याची नाही. तिच्या शेपटीत विष नाही. आणि एकमेकींत गुंतलेल्या ज्या 'जोडी'वर लोक नवे वस्त्र टाकतात, ते बहुतेक वेळा हद्दीसाठी किंवा मादीसाठी झुंजणारे दोन नर असतात.

कवड्याची गोष्ट अधिक अवघड आहे, कारण तो मण्यारीसारखा दिसतो आणि मण्यार खरोखर प्राणघातक आहे. मण्यार चमकदार काळी असते. तिचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत जातात. कवड्याचा रंग तपकिरी. त्याचे पट्टे मानेपाशीच सुरू होतात आणि शेपटीकडे विरळ होत जातात. कागदावर हा फरक सोपा वाटतो. चुलीच्या मागे, बॅटरीच्या उजेडात, मूल कडेवर असताना तो तितका सोपा राहत नाही. डुरक्या घोणस हे असेच दुसरे दुर्दैवी जनावर: नावात घोणस, अंगावर घोणशीसारखे ठिपके, आणि विष अजिबात नाही.

मराठीत एक वाक्प्रचार आहे, साप साप म्हणून भुई धोपटणे. तो नसलेल्या सापाबद्दल आहे. वेदान्ताचा प्रसिद्ध दृष्टान्तही नसलेल्या सापाचाच आहे: अंधारात दोरी पडलेली असते, पाहणाऱ्याला ती साप वाटते, दिवा आणला की साप नाहीसा होतो आणि भीतीही जाते. गौडपादांच्या मांडूक्य कारिकांत तो आहे आणि मराठी संतांनीही दोरीचा साप वारंवार वापरला. परसातल्या धामणीपुढे मात्र हा दृष्टान्त अपुरा पडतो. दिवा आणल्यावर इथे साप नाहीसा होत नाही. साप खराच असतो, त्याच्यावर लादलेले विष तेवढे खोटे असते. दोरीच्या बाबतीत अज्ञानाची किंमत पाहणाऱ्याच्या धडधडत्या छातीने भागते. धामणीच्या बाबतीत ती दुसऱ्याच्या जिवाने भागते. ज्ञान हे मोक्षाचे साधन आहे असे शास्त्र सांगते; इथे ते शेजारच्या जिवाचे ऋण होऊन बसते. सापांच्या मुलखात राहणाऱ्याने साप ओळखायला शिकणे हा म्हणून अहिंसेचाच भाग मानला पाहिजे. निव्वळ माहितीचा छंद म्हणून ते सोडून देता येत नाही.

महाभारतातली ही डुंडुभाची कथा आदिपर्वाच्या सुरुवातीला, पौलोमपर्वात येते. च्यवन ऋषींचा नातू रुरु याचे प्रमद्वरेशी लग्न ठरले होते. मैत्रिणींबरोबर खेळताना तिचा पाय झोपलेल्या सापावर पडला, साप चावला आणि ती गेली. रुरूने आपले अर्धे आयुष्य देऊन तिला परत आणले. लग्न झाले, पण राग गेला नाही. दिसेल तो साप मारायचा असा पण करून तो काठी घेऊन रानात हिंडू लागला. एके दिवशी त्याला एक म्हातारा डुंडुभ पडलेला दिसला. डुंडुभ म्हणजे बिनविषारी साप, परंपरेने पाणसापांत गणलेला. रुरूने काठी उगारली तेव्हा तो बोलला. आपण काही अपराध केलेला नसताना हा राग कशासाठी, असे त्याने विचारले. रुरूने पत्नीची हकिगत आणि आपला पण सांगितला. त्यावर डुंडुभाने दिलेले उत्तर जगातल्या सर्व धामणींच्या, कवड्यांच्या आणि डुरक्यांच्या वतीने दिलेले आहे: माणसांना चावतात ते साप वेगळे. डुंडुभांना सापांचा नुसता वास आहे. संकट आले की ते सापांच्या वाट्याचे भोगतात, सापांचे सुख मात्र त्यांच्या वाट्याला आलेले नाही.

रुरूची काठी खाली येते. पण का, ते कथा मोठ्या प्रामाणिकपणे सांगते: बोलणारा साप पाहून त्याला भीती वाटते, हा कोणी ऋषी तर नसेल अशी शंका येते. म्हणजे पहिल्या युक्तिवादाने त्याचे मन बदललेच असे म्हणता येत नाही. मग डुंडुभ आपली कथा सांगतो. तो पूर्वी सहस्रपात नावाचा ऋषी होता. खगम नावाच्या मित्राला, तो अग्निहोत्रात गुंतला असताना, त्याने थट्टेने गवताचा साप करून घाबरवले. मित्र बेशुद्ध पडला आणि शुद्धीवर आल्यावर त्याने शाप दिला की तू केलास तसाच निर्बल साप होशील. खोट्या सापाची भीती दाखवणारा खरा पण निरुपद्रवी साप झाला. दोरीचा दृष्टान्त आणि परसातली धामण यांना जोडणारा दुवा व्यासांनी इथे आधीच घालून ठेवला आहे.

शाप संपतो, सहस्रपात मूळ रूपात उभा राहतो आणि जाताना दुसरा युक्तिवाद करतो. कोणत्याही जिवाची हिंसा न करणे हाच श्रेष्ठ धर्म. दंड धारण करणे हे क्षत्रियाचे काम, ऋषिकुमाराचे नव्हे. जनमेजयाच्या सर्पसत्रात सापांचा संहार चालला असताना तो थांबवणारा आस्तीकही ऋषिपुत्रच होता. या दुसऱ्या युक्तिवादात विष असणे-नसणे हा मुद्दाच उरत नाही.

हे दोन युक्तिवाद सहसा एकत्र वाचले जातात, पण त्यांचे वजन सारखे नाही. पहिला म्हणतो: मी निरपराध आहे, मला सोड. तो खरा आहे आणि न्यायाचा आहे. तरी त्यात जगण्याचा हक्क सिद्ध करण्याचे ओझे सापावर पडते. डुंडुभाला वाचा होती म्हणून तो ते पेलू शकला. कवड्याला वाचा नाही, आणि त्याची अंगकांती तर त्याच्याविरुद्ध साक्ष देते. दुसरा युक्तिवाद ते ओझे काठी धरणाऱ्या हातावर टाकतो: मारण्याचे कारण आहे का, हे मारणाऱ्याने दाखवायचे. व्यवहारात माणसे पहिल्यावर जगतात आणि दुसऱ्याचा गौरव करतात. शेणव्यातल्या धामणीचा जीव मात्र दुसऱ्यामुळेच वाचण्याची शक्यता जास्त, कारण ओळख पटण्यापूर्वीचा क्षण तोच एक सांभाळतो. काठी उगारण्याआधी थांबणे हे आधी घडावे लागते. धामण की नाग, हे त्यानंतर कळते.

थांबायचे म्हणजे साप घरात घ्यायचा असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. गृह्यसूत्रांतले सर्पबलीचे विधान या बाबतीत अतिशय नेमके आहे. श्रावणी पौर्णिमेला सर्पांना बली द्यायला सुरुवात होते आणि मार्गशीर्षापर्यंत तो चालू राहतो; सातूचे पीठ त्यांच्यासाठी ठेवले जाते. पारस्कर गृह्यसूत्रात त्याच विधीत गृहस्थ घराभोवती पाण्याची अखंड धार धरून फिरतो. सापांनी जिथपर्यंत येऊ नये असे त्याला वाटते, तिथून ती रेघ जाते. या काळात घरच्यांनी उंच शय्येवर झोपायचे आणि मार्गशीर्षात प्रत्यवरोहणाचा विधी करून पुन्हा जमिनीवर उतरायचे. श्रावण ते मार्गशीर्ष हे महिने कोकणपट्टीत पावसाचे, भात निसवण्याचे आणि कापणीचे. सापांचा वावर अधिक आणि माणसाचे हातपाय सतत गवतात. रात्री जमिनीवर झोपलेल्यांनाच मण्यार बहुधा चावते, आणि तिचा दंश इतका बारीक असतो की झोपलेल्याला कळतही नाही. आजचे डॉक्टर खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायला सांगतात. सूत्रकारांना मण्यारीच्या विषाचे रसायन ठाऊक नव्हते, तरी त्यांनी गृहस्थाला वाटा देणे आणि अंतर राखणे या दोन गोष्टी एकाच विधीत शिकवल्या. घर बांधले म्हणून तेवढी भुई एकट्या माणसाची झाली नाही, आणि साप शेजारी असला तरी तो अंथरुणात नको, हे दोन्ही त्या पाण्याच्या रेघेत आहे. सापाविषयीचा याहून शहाणा आचार सांगितला गेल्याचे दिसत नाही.

नागपंचमीच्या मराठी आचारात याच विचाराची सावली आहे. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचे नाही, चिरायचे-कापायचे नाही. जेवणात उकडलेले पदार्थ, पुरणाची दिंडं. व्रताची कहाणी शेतकऱ्याच्या नांगराने वारुळातली नागिणीची पिल्ले मेल्याची आहे. त्याने ती मुद्दाम मारली नव्हती, जमीन नांगरली आणि ती मेली. पोट भरण्याच्या साध्या कामातही मागे नकळत जीव जातात, त्यांची एक दिवस तरी आठवण ठेवायची, हा त्या व्रताचा गाभा आहे. पाटावर किंवा भिंतीवर काढलेला नाग त्याला पुरतो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात मात्र, मातीच्या नागाच्या जागी गोरक्षनाथांनी जिवंत नाग आणला या आख्यायिकेवरून, जिवंत नाग पकडून पुजण्याची प्रथा पडली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यावर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने तिला आवर घातला. गारुड्याच्या टोपलीतल्या नागाला बायाबापड्या श्रद्धेने दूध पाजतात, तेव्हा तो दूध पितो ते तहानेने. त्याला आधी पाण्यावाचून ठेवलेले असते आणि दूध त्याला पचत नाही. भक्तीचा हेतू चांगला असूनही ती सापाला मारू शकते. परसातल्या धामणीसाठी वाटीभर दूध ठेवणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवे. तिला उंदीर हवेत, आणि ते तिचे ती मिळवते.

कोकणात जुन्या वाडीतल्या सापाला राखणदार मानतात. घरातला कोणी पूर्वज जागेच्या ओढीने त्या रूपात राहिला आहे अशी समजूत असते. रात्री 'साप' हा शब्दही उच्चारत नाहीत, 'जनावर', 'लांबडं' किंवा 'किरडू' म्हणतात. साप चावला असे न म्हणता 'पान लागलं' म्हणतात. या समजुतींनी पुष्कळ साप वाचवले, हे मान्य करावे लागते. पण राखणदार म्हणून वाचलेला साप हा पूर्वज म्हणून वाचतो, साप म्हणून नव्हे. पुढच्या पिढीचा विश्वास उडाला की त्याचे संरक्षणही संपते. शिवाय त्याच समजुतीच्या पोटात डूख धरण्याची भीती असते, आणि डूख धरील म्हणून जखमी साप ठेचून जाळून टाकतात. सापाच्या मेंदूत माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घेण्याची क्षमता नाही.

बौद्ध परंपरेने भीती आणि मैत्री यांची सांगड अधिक मोकळेपणाने घातली. एक भिक्खू सर्पदंशाने मरण पावला तेव्हा बुद्धांनी चार सर्पकुळांविषयी मैत्रीभावना करायला सांगितले. तेच पुढे परित्त म्हणून रक्षणासाठी म्हटले जाऊ लागले. त्यात सापांचे कल्याण चिंतलेले आहे, त्यांनी इजा करू नये अशी इच्छा आहे आणि शेवटी त्यांनी निघून जावे अशी विनंतीही आहे. जैन कथेत कमठ नावाच्या तापसाच्या धुनीतल्या जळत्या ओंडक्यात अडकलेल्या सर्पाची जाणीव पार्श्वनाथांना होते. लाकडात जीव असू शकतो हे भान त्या कथेचे मोल आहे. राब भाजण्यापूर्वी किंवा गेल्या वर्षीचा पालापाचोळा पेटवण्यापूर्वी ढीग काठीने हलवून पाहणारा शेतकरी तेच भान पाळतो.

अहिंसेला मर्यादा आहे का? तुकोबांनी देव्हाऱ्यात आलेल्या विंचवाला वहाणेचा न्याय सांगितला. तो अभंग दुर्जनांविषयी आहे, कीटकांविषयी नाही, पण त्याचा आधार घेऊन साप मारले जातात. गांधीजींनी ही मर्यादा स्वतः अनुभवली. जोहान्सबर्गजवळच्या टॉल्स्टॉय फार्मवर, 1910 नंतरच्या काळात, साप मारायचे नाहीत असा त्यांचा आग्रह होता. एकदा त्यांचे सहकारी हर्मन कॅलनबाख यांच्या खोलीत साप अशा जागी सापडला की त्याला हाकलताही येईना, धरताही येईना. गांधीजींनी मारण्याची परवानगी दिली आणि 'दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास' या पुस्तकात तसे लिहून ठेवले. साप हातात धरण्याचे धैर्य आपल्यात नव्हते हेही लपवले नाही. याच कॅलनबाख यांनी सापांवरची पुस्तके गोळा केली, सगळे साप विषारी नसतात आणि काही पिकांचे रक्षण करतात हे आश्रमवासीयांना शिकवले आणि एक मोठा नाग पाळला. गांधीजींनी त्यांना हळुवारपणे सुचवले की तुमच्या मैत्रीत भीतीही मिसळलेली आहे आणि ही मैत्री नागाला कळत असेलच असे नाही. पुढे तो नाग निघून गेला. सापाला माणसाची दोस्ती नको असते. धामणीला जवळ करणे, हाताळणे, तिचे फोटो काढण्यासाठी तिला अडवणे, हे प्रेमाने केले तरी तिच्या दृष्टीने हल्लाच असतो.

मग सर्पमित्राला बोलावून तिला पकडून रानात सोडणे? आज हाच सर्वांत सभ्य मार्ग समजला जातो. साप घरात, माजघरात किंवा गोठ्यात शिरला असेल, विषारी असेल किंवा ओळख पटत नसेल, तेव्हा तो योग्यच आहे, आणि त्यासाठी वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे. पण परसात राहणाऱ्या, कोणाला त्रास न देणाऱ्या धामणीला माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी नेऊन सोडणे हे तितके निर्दोष नाही. तिला तिथले बीळ, पाणी, लपण काही माहीत नसते. अनोळखी जागी सोडलेले साप वणवण करतात आणि त्यांतले बरेच मरतात. इकडे उंदीर तसेच राहतात आणि मोकळे झालेले बीळ दुसऱ्याला मिळते. तो दुसरा नाग असू शकतो. नागालाही उंदीरच हवे असतात. ज्या कारणांनी धामण येते ती कारणे तशीच ठेवून तिला हलवणे म्हणजे डोळ्याआड केलेली हिंसा आहे. कायद्याच्या दृष्टीनेही साप मारणे किंवा पकडून ठेवणे गुन्हा आहे.

पाण्याच्या रेघेचे आजचे रूप साधे आहे. सरपण आणि उडवी भिंतीला न टेकवता अंतरावर रचायची. मोरीच्या तोंडाला जाळी, दाराच्या फटीला पट्टी. कणगीभोवती सांडलेला दाणा झाडायचा. रात्री परसात बॅटरी आणि पायात बूट. लाकूड उचलताना आधी काठीने हलवायचे, हात नंतर. पालापाचोळ्याच्या ढिगात अंडी सापडली तर ढीग झाकून पिल्ले बाहेर पडेपर्यंत सोडून द्यायचा. आणि कोणताही साप चावला, अगदी धामण आहे अशी खात्री असली, तरी मंत्र-मांत्रिकाकडे वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. चिरा देणे, रक्त ओढणे, करकचून बांधणे यांतले काही करायचे नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होत आले आहे. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, असा अंदाज आहे. त्यांत शेतात राबणारे, जमिनीवर झोपणारे फार होते. म्हणून सापाला भिणाऱ्या माणसाला अडाणी ठरवून अहिंसा शिकवता येत नाही. त्याची भीती त्याने पाहिलेल्या मरणांतून आलेली असते.

शेवटी उरतो तो शेजारी. धामणीला हद्द कळत नाही. एका परसात तिला दिलेले अभय बांधापलीकडच्या घरावरही लादले जाते, आणि त्या घरात रांगते मूल असू शकते. अभयदान देणाऱ्याने जोखीम स्वतःची घ्यावी, दुसऱ्याची परस्पर घेऊ नये. त्यामुळे परसात धामण आहे हे लपवून ठेवणे बरोबर नाही. ती दिवसा हिंडते, उन्हाला बांधावर येते, म्हणून ती दाखवता येते: लांबून, पोरांना मागे उभे करून, ओठांवरच्या काळ्या कडा आणि फणा नसलेली मान बोट न लावता दाखवायची. एकदा नीट पाहिलेली धामण शेजाऱ्याला दुसऱ्यांदा ओळखू येते. पाहूनही त्याची भीती गेली नाही, तर बांधालगतचे सरपण आपल्या बाजूने मागे घ्यायचे आणि उडवी पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन रचायची.